आपल्यापेक्षा भारी मल्लाशी जोड लागली तर तयारी कशी करावी

रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या तीन जिल्ह्यांतील महाविद्यालयांत कुस्ती खेळणारी मुले मोजकीच असतात. मुंबई विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेला ती जातात, तेव्हा समोर मुंबई-ठाण्याच्या तालमींत लहानपणापासून घाम गाळलेला किंवा घाटावरून शिकायला आलेला एखादा नावाजलेला मल्ल उभा राहतो. जोड्यांचा तक्ता भिंतीवर लागला, की आपला मुलगा त्यात स्वतःचे नाव शोधतो, समोरचे नाव वाचतो आणि तिथेच अर्धी कुस्ती हरतो. उरलेली अर्धी मॅटवर हरायला मग फारसा वेळ लागत नाही. असा प्रसंग येणार हे गृहीत धरून जुलैपासूनच काय करावे, हे सांगण्यासाठी हे मार्गदर्शन लिहिले आहे. त्याला आधार घेतला आहे तो अमेरिकेतील महाविद्यालयीन कुस्तीत १९७० साली लागलेल्या एका निकालाचा, कारण अनपेक्षित विजय कसा घडवून आणता येतो आणि अनपेक्षित पराभवाचे पुढे काय करता येते, या दोन्ही गोष्टी त्या एकाच लढतीत पाहायला मिळतात.

हकिकत थोडक्यात अशी. आयोवा स्टेट विद्यापीठाचा डॅन गेबल शालेय आणि महाविद्यालयीन कुस्तीत मिळून सलग १८१ लढती जिंकलेला मल्ल होता. या कुस्तीत हार ही गोष्ट त्याला ठाऊकच नव्हती. २८ मार्च १९७० रोजी इलिनॉय राज्यातील इव्हान्स्टन येथे राष्ट्रीय महाविद्यालयीन स्पर्धेच्या अंतिम फेरीत, १४२ पौंड म्हणजे सुमारे ६४.४ किलो वजनगटात, त्याची गाठ वॉशिंग्टन विद्यापीठाच्या दुसऱ्या वर्षातील लॅरी ओविंग्ज या मल्लाशी पडली. गेबलची ती महाविद्यालयीन कारकिर्दीतील शेवटची लढत होती. निकाल लागला १३-११, आणि जिंकला ओविंग्ज.

प्रतिस्पर्ध्याचा अभ्यास

ओविंग्जचा विजय नशिबाने झाला असे म्हणणारे एक गोष्ट विसरतात. १९६८ च्या ऑलिंपिक निवड चाचणीत, शाळकरी वयात, तो याच गेबलशी लढून हरला होता. गेबलच्या हाताचा जोर किती, तो दम कसा काढतो, कोणत्या बाजूने आत शिरतो, हे त्याच्या अंगाला माहीत होते. बाकीचे मल्ल गेबलच्या कीर्तीशी लढत होते, ओविंग्ज गेबलशी लढला. म्हणून पहिली सूचना अशी, की ज्याच्याशी आपण पूर्वी हरलो आहोत त्याच्याविषयी आपल्याकडे इतरांपेक्षा जास्त माहिती आहे असे समजावे, आणि ती माहिती आठवणीच्या भरवशावर न सोडता वहीत उतरवावी.

पूर्वी गाठ पडलेली नसेल, तर हल्ली मोबाइलवर बहुतेकांच्या कुस्त्यांचे चित्रीकरण कुठे ना कुठे मिळते. ते पाहण्याचीही एक रीत आहे. डाव पाहून वाहवा करत बसू नये. त्यातून फक्त धाक वाढतो. पहिल्यांदा पाहताना नजर केवळ पायांवर ठेवावी आणि कोणता पाय पुढे असतो, पाय हलवताना तो टाचा टेकवतो का, दमल्यावर ताठ उभा राहतो का, हे टिपावे. समोरच्याचा उजवा पाय पुढे असेल, तर तो आपल्या डाव्या हाताच्या बाजूला येतो, आणि एकेरी पट काढायचा, म्हणजे एक पाय धरून त्याला पाडायचे, तर त्याच बाजूला शिरण्याचा सराव हवा, हे या पहिल्या पाहण्यातच ठरते. दुसऱ्यांदा पाहताना हातांकडे लक्ष द्यावे: मानेवर कोणता हात टाकतो, मनगट धरल्यावर ओढतो की ढकलतो, पट आला की वरून दाब देतो की मान पकडायला जातो. तिसऱ्यांदा केवळ घड्याळ पाहावे आणि त्याने गुण कोणत्या मिनिटात घेतले व कोणत्या मिनिटात गमावले ते लिहावे. बहुतेक भारी मल्ल पहिल्या दीड मिनिटात निकाल लावतात. चौथ्या-पाचव्या मिनिटाची सवय त्यांना नसते, कारण तिथवर त्यांना कोणी नेलेलेच नसते.

एवढे टिपल्यावर वहीच्या एका पानावर तीनच वाक्ये लिहावीत: तो काय करणार, आपण त्याला काय करू द्यायचे नाही, आणि आपण स्वतः काय करणार. चौथे वाक्य सुचले तरी लिहू नये. मॅटवर उतरल्यावर तीनपेक्षा जास्त गोष्टी डोक्यात राहत नाहीत. वस्तादांनी काठावरून ओरडूनही त्या राहत नाहीत.

वजनाचा प्रश्न

इथे मात्र ओविंग्जचे अनुकरण डोळे झाकून करू नये. त्या हंगामात तो वरच्या वजनात खेळत होता आणि केवळ गेबलशी गाठ पडावी म्हणून १४२ पौंडांत उतरला. भारी मल्लाला चुकवण्यासाठी वजनगट बदलणारे पुष्कळ असतात, त्याला गाठण्यासाठी बदलणारा विरळा. त्याची हिंमत वाखाणावी, पण वजन उतरवण्याच्या खटाटोपात माणसे दगावतात हेही लक्षात ठेवावे. १९९७ च्या अखेरीस अमेरिकेतील तीन महाविद्यालयीन मल्ल झपाट्याने वजन उतरवताना मृत्युमुखी पडले. त्यानंतर तिथे रबरी पोशाख घालून आणि वाफेच्या खोलीत बसून घाम काढण्यावर बंदी आली, हंगामाच्या सुरुवातीला शरीरातील पाण्याची तपासणी सुरू झाली, आणि आठवड्याला शरीराच्या वजनाच्या दीड टक्क्यापेक्षा जास्त घट करू नये असा दंडक घातला गेला.

हा दीड टक्क्याचा दंडक आपल्याकडे भिंतीवर लिहून ठेवण्याजोगा आहे. सत्तर किलोच्या मुलाला आठवड्याला जेमतेम एक किलो उतरवता येतो, म्हणजे ६५ किलोत खेळायचे असेल तर पाच आठवडे आधी निर्णय झाला पाहिजे. स्पर्धा तीन दिवसांवर आली असताना दोन-दोन स्वेटर चढवून मैदानाला फेऱ्या मारणारी मुले दिसतात, त्यांना तिथल्या तिथे थांबवावे. कोकणात हा प्रकार घाटापेक्षा अधिक घातक आहे. ऑगस्ट-सप्टेंबरच्या दमट हवेत घाम निथळतो खरा, पण तो वाळत नाही. घाम वाळला नाही तर अंग थंड होत नाही, आणि उष्माघाताला ऊनच लागते असे नाही. लघवी गडद पिवळी झाली, डोके ठणकू लागले किंवा पायांत गोळे येऊ लागले, की त्या दिवसाचा सराव बंद करून पाणी द्यावे. वजनाचा विचार नंतर करता येतो.

उतरवायचे वजन ताटातून उतरवावे. आपल्या भागातील जेवण त्याला अडचणीचे नाही. रात्रीचा भात निम्मा करावा, नाचणीची भाकरी घ्यावी, बांगडा तळण्याऐवजी तिखल्यात किंवा भाजून खावा, कुळथाची पिठी आणि मोड आलेली कडधान्ये वाढवावीत. फरसाण, वडापाव आणि गोड सरबते बंद करावीत. वजन देऊन झाल्यावर मात्र पोटभर बिर्याणीवर तुटून पडू नये. मीठ घातलेली उकड्या तांदळाची पेज, नंतर एखादे केळे, थोड्या-थोड्या वेळाने पाणी किंवा शहाळे, असे हळूहळू घेतले तर लढतीच्या वेळी पोट जड राहत नाही. पेज हे आजाऱ्याचे अन्न आहे असे मानणाऱ्या मुलांनी वजनानंतर ती एकदा घेऊन पाहावी.

वजनकाट्याच्या बाबतीत थोडीही ढिलाई परवडत नाही, हे पटवण्यासाठी पॅरिस ऑलिंपिकपेक्षा दुसरे उदाहरण शोधायला नको. ६ ऑगस्ट २०२४ रोजी विनेश फोगटने ५० किलो वजनगटात जपानच्या युई सुसाकीला ३-२ असे हरवले. सुसाकी तोवर आंतरराष्ट्रीय लढतींत एकदाही हरलेली नव्हती, आणि विनेशने डाव साधला तो अगदी शेवटच्या काही सेकंदांत. ओविंग्ज-गेबल लढतीच्या तोडीचा, किंबहुना मोठ्या व्यासपीठावरचा, तो निकाल होता. विनेश अंतिम फेरीत पोहोचली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वजन १०० ग्रॅम जास्त भरल्याने अपात्र ठरली. म्हणून निघण्यापूर्वी महाविद्यालयाच्या काट्यावर आणि तालुक्याच्या गावातील आणखी एखाद्या खात्रीच्या काट्यावर, असे दोन्हीकडे वजन करावे, दोघांतील फरक लिहून ठेवावा आणि जो जास्त दाखवतो त्याच्यावर विश्वास ठेवावा.

नियम वेगळे आहेत, हे विसरू नये

अमेरिकेतील महाविद्यालयीन कुस्ती आणि आपल्या स्पर्धांतील फ्रीस्टाइल या दोन वेगळ्या पद्धती आहेत. तिथे १९७० साली लढत आठ मिनिटांची होती, खाली दबलेल्या मल्लाने सुटका करून घेतली की त्याला एक गुण मिळे, आणि समोरच्याला जास्त वेळ खाली दाबून ठेवणाऱ्यालाही गुण होता. १३-११ हा आकडा अशा गुणांनी फुगलेला आहे. फ्रीस्टाइलमध्ये तीन-तीन मिनिटांची दोन सत्रे आणि मध्ये तीस सेकंदांची विश्रांती असते. खाली घेऊन कब्जा मिळवल्यास २ गुण, उभ्यानेच उचलून थेट पाठीवर टाकल्यास ४, समोरचा वर्तुळाबाहेर गेल्यास १, आणि दहा गुणांचा फरक पडला की लढत तिथेच संपते. सुटकेला काहीच मिळत नाही. त्यामुळे खाली दबल्यावर उठण्याची घाई करण्यापेक्षा भारंदाज (कमरेला विळखा घालून उलटवण्याचा डाव) बसू न देणे, म्हणजे पोट मॅटला चिकटवून कोपर आत ठेवणे, जास्त मोलाचे ठरते.

गुण समान झाले तर काय होते, हे आपल्या मुलांपैकी फार थोड्यांना सांगता येते. आधी पाहिले जाते ते कोणाच्या खात्यात मोठ्या मोलाचा डाव आहे हे. तिथेही बरोबरी असेल तर कोणाला कमी ताकिदी आहेत हे. आणि शेवटी कोणी शेवटचा गुण घेतला हे. ४-४ अशा स्थितीत एका चार गुणांच्या डावाचा मल्ल दोन पट काढणाऱ्याला हरवतो. हे ठाऊक नसलेला मुलगा बरोबरीत असताना निवांत उभा राहतो आणि शिट्टी वाजल्यावर पंचांकडे आश्चर्याने पाहतो.

पहिले मिनिट

त्या वर्षी अंतिम फेरीपर्यंतच्या वाटेत गेबलने एकेका प्रतिस्पर्ध्याला चीत करत आणले होते. समोरचा मल्ल बचावात उभा राहायचा, मागे सरकायचा, आणि मागे सरकणाऱ्याला पाडणे हे गेबलच्या हातचे काम होते. ओविंग्जने उलट केले. पहिल्या क्षणापासून तो अंगावर गेला, गुण घेतले, आणि आघाडीही मिळवली. ज्याला पिछाडीवर खेळण्याची सवयच नाही त्याला पिछाडीवर ढकलणे, हा त्या लढतीतील सर्वांत शहाणपणाचा भाग होता असे माझे मत आहे. शेवटच्या क्षणांचे कौतुक सगळे करतात, पण हे पहिले मिनिट नसते तर ते शेवटचे क्षण आलेच नसते.

याचा सराव असा करावा. रोजच्या लढतींतील निम्म्या लढती केवळ एका मिनिटाच्या ठेवाव्यात आणि पहिल्या दहा सेकंदांत पटाचा खरा प्रयत्न झाला नाही तर ती लढत हरली असे धरावे. लांबलचक खडाखडी (हात भिडवून एकमेकांचा अंदाज घेणे) हा मातीच्या फडातला शोभिवंत भाग आहे, मॅटवर ती पंचांची ताकीद ओढवून घेते. कोकणातील मुलांकडे इथे एक आयते भांडवल आहे, ते म्हणजे कबड्डी. घोटा पकडणारा किंवा मांडी पकडणारा खेळाडू समोरच्याच्या पायावर झेप घेताना कचरत नाही, त्याचे अंतराचे गणित पक्के असते, आणि हात लागला की सुटू द्यायचा नाही हे त्याच्या बोटांत मुरलेले असते. मात्र कबड्डीत पकड झाली की साथीदार धावून येतात. इथे कोणी येत नाही. त्यामुळे पाय हाती आल्यानंतरचे काम वेगळे शिकवावे लागते.

ते काम जवळून पाहू. पाय धरल्याबरोबर दोन्ही हात त्याच्या गुडघ्यामागे एकमेकांत अडकवावेत, बोटे एकमेकांत गुंफू नयेत, तळहातावर तळहात बसवावा. डोके त्याच्या बरगड्यांना आतल्या बाजूने टेकलेले हवे आणि नजर वर हवी. डोके खाली गेले की तो मान पकडून गुंडाळणार, आणि आपण दोन गुणांसाठी गेलो असताना चार देऊन बसणार. धरलेला पाय छातीशी घट्ट आणून लगेच कोनात फिरावे, सरळ रेषेत ढकलत राहू नये, कारण भारी मल्ल सरळ ढकलणाऱ्यावर आपले वजन टाकून त्याला दमवतो. फिरताना आपला बाहेरचा पाय मोठे पाऊल घेतो आणि आतला त्याच्यामागून येतो. ही दोन पावले रोज, आधी जोडीदाराने विरोध न करता आणि नंतर विरोध करत, करवून घ्यावीत. नवे दहा डाव शिकवण्यापेक्षा हेच केलेले बरे.

ज्याला उचलून टाकता येत नाही, त्याला वर्तुळाबाहेर तरी ढकलता येते, आणि लहान चणीच्या मल्लाला हा एक गुण स्वस्तात मिळतो. मोठ्या स्पर्धेचे वर्तुळ नऊ मीटर व्यासाचे असते आणि त्याच्या कडेचा एक मीटरचा पट्टा वेगळ्या रंगाचा असतो. आपल्या बऱ्याच ठिकाणी मॅटचे तुकडे जोडून जेमतेम निम्मी जागा होते, त्यामुळे मुलांना कडेचे भानच राहत नाही. निदान एका बाजूला चिकटपट्टीने कमान आखून घ्यावी आणि पाठ कडेला असताना फिरून मध्यावर कसे यायचे, हे त्या पट्टीवर शिकवावे. जोडलेल्या मॅटच्या फटींतून पावसाळ्यात ओल धरते आणि पाठोपाठ सगळ्या संघाला गजकर्ण होते. म्हणून सराव संपल्यावर जंतुनाशकाने पुसून मॅट पंख्याखाली वाळवावी, आणि ओल्या टॉवेलची अदलाबदल सक्तीने बंद करावी.

शेवटची तीस सेकंदे

शेवटच्या टप्प्यात गेबल १०-८ असा पुढे गेला होता. १८१ लढतींचा अनुभव त्याच्या बाजूने होता आणि पिछाडी भरून काढण्याची कामगिरीही त्याने करून दाखवली होती. तरीही अखेरच्या क्षणांत ओविंग्जने त्याला खाली घेतले, पाठ मॅटकडे वळवली आणि एकाच हालचालीत गुणांची माळ लावून आघाडी परत घेतली. असे डाव ऐन वेळी सुचत नसतात. आठवड्यातून तीन दिवस, सरावाच्या अगदी शेवटी, अंगात त्राण नसताना, फळ्यावर गुण लिहून तीस सेकंदांच्या लढती लावाव्यात: एक जण दोन गुणांनी मागे, एक पुढे. मागे असलेल्याने एकच ठरवलेला डाव टाकावा, पुढे असलेल्याने मागे न सरकता हात आणि मनगटे व्यापून ठेवावीत. दोघांनी जागा बदलून पुन्हा करावे. पुढे असताना कसे लढायचे हे न शिकवलेला मल्ल आघाडी मिळाल्यावर भेदरतो. असे पराभव दरवर्षी दिसतात.

आपला मुलगाच जर त्या स्पर्धेत नावाजलेला असेल, तर त्याला गेबलच्या बाजूने ही गोष्ट सांगावी. अंतिम लढतीपूर्वी दूरचित्रवाणीवाल्यांनी त्याच्याकडून त्याच्या अपराजित कारकिर्दीविषयी कार्यक्रमाची निवेदने बोलून घेतली होती आणि त्याचे चित्त त्यात गुंतले होते. आपल्याकडे दूरचित्रवाणी येत नाही, पण नाक्यावर अभिनंदनाचा फलक आधीच लागतो आणि मोबाइलवर शुभेच्छांचा पूर येतो. स्पर्धेच्या दिवशी मोबाइल क्रीडाशिक्षकांच्या पिशवीत असावा, आणि फलक छापणाऱ्या हितचिंतकांना चार दिवस थांबायला सांगावे.

निकालानंतर

त्या लढतीचा वारसा जिंकणाऱ्यापेक्षा हरणाऱ्याने जास्त वाढवला. ओविंग्ज पुढची दोन्ही वर्षे राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम फेरीत पोहोचला आणि दोन्ही वेळा दुसरा आला. गेबलने पराभवाचे कारण पंचांत किंवा दैवात शोधले नाही, सराव वाढवला. १९७१ मध्ये सोफिया येथे तो विश्वविजेता झाला. १९७२ च्या ऑलिंपिक निवड चाचणीत ओविंग्जशी पुन्हा गाठ पडली तेव्हा त्याने ती ७-१ अशी जिंकली, आणि त्याच वर्षी म्युनिकला एकही गुण न देता सुवर्णपदक घेतले. नंतर आयोवा विद्यापीठाचा प्रशिक्षक म्हणून २१ हंगामांत त्याच्या संघाने १५ राष्ट्रीय विजेतेपदे मिळवली. त्यांतील नऊ १९७८ ते १९८६ या काळात सलग होती. आपल्याला हा क्रम अनोळखी नाही. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात शिकलेले खाशाबा जाधव १९४८ साली लंडनला सहावे आले होते आणि १९५२ साली हेलसिंकीहून कांस्यपदक घेऊन परतले.

तेव्हा हरून आल्यावर पहिले दोन दिवस मुलाला काही शिकवू नये, झोपू द्यावे, घरचे जेवू द्यावे. तिसऱ्या दिवशी त्याच वहीत, त्याच्याच हाताने, गुण कोणत्या मिनिटात आणि कोणत्या पकडीतून गेले तेवढे लिहून घ्यावे. नशीब, पंच, जोड, प्रवास हे शब्द त्या पानावर येऊ देऊ नयेत. त्यातून जी एक पकड सर्वांत महाग पडली असेल, ती पुढच्या महिनाभराच्या सरावाचा पहिला अर्धा तास व्यापेल असे वेळापत्रक करावे. जिंकून आला असेल तरी वही भरून घ्यावी, कारण हरलेला भारी मल्ल आता त्याची चित्रफीत पाहत असणार. आणि जमल्यास मे महिन्यात, पाऊस लागण्यापूर्वी, ज्याने हरवले त्याच्या तालमीच्या वस्तादांना फोन करून चार-आठ दिवस सरावाला येण्याची परवानगी मागावी. बहुतेक वस्ताद नाही म्हणत नाहीत. जाताना स्वतःचे अंथरूण, स्वतःचा टॉवेल आणि अंगावर गजकर्ण नसल्याचा डॉक्टरांचा दाखला बरोबर न्यावा.